बावीस जणींची फारकत

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबाची सोरोरिटी, म्हणजे महाविद्यालयीन मुलींची संघटना, या प्रकाराशी गाठ पडते ती बहुधा मुलगी महाविद्यालयात जायला लागल्यावर. दारावर दोन-तीन ग्रीक अक्षरे मिरवणारे घर, सत्राच्या सुरुवातीला चालणारी नव्या सदस्यांची निवड, वर्गणीचा छातीत धडकी भरवणारा आकडा आणि ‘आपल्या मुलीने यात पडावे की नाही’ ही पालकांची कुजबुज, एवढ्यावर ती ओळख थांबते. मी वॉशिंग्टनच्या शेजारी, मेरीलँडमध्ये राहते आणि माझ्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी डेल्टा सिग्मा थीटा या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सोरोरिटीच्या सदस्य आहेत. महाविद्यालय सोडून त्यांना पस्तीसहून अधिक वर्षे झाली आहेत, तरी महिन्यातून एकदा त्यांची सभा असते, समित्यांची कामे असतात आणि त्या कामांपायी त्यांचे कितीतरी शनिवार खर्ची पडतात. कॉलेजातील मैत्रिणींचे मंडळ साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या बाईकडून इतके काम करून घेते, याचे मला कुतूहल वाटले आणि त्या कुतूहलापोटी मी या संघटनेचा इतिहास वाचत गेले. वाचल्यावर माझे मत असे झाले की, या संघटनेची ध्येये समजून घ्यायची असतील, तर तिची शपथ किंवा तिचे बोधवाक्य यांच्यापेक्षा तिच्या जन्माच्या वेळी झालेले भांडण आणि त्या भांडणातील मुलींनी पुढे आयुष्यात केलेली कामे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. ग्रीक अक्षरांचे नाव धारण करणारी पहिली अमेरिकन विद्यार्थी संघटना, फाय बीटा कॅपा, १७७६ साली व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात निघाली. त्यानंतरच्या शतकात मुलांच्या अशा संघटनांचे पेवच फुटले. मुलींना महाविद्यालयांची दारे उघडल्यावर त्यांनाही या संघटनांत स्थान नाही हे जाणवले आणि १८७० साली इंडियाना राज्यात कॅपा अल्फा थीटा ही मुलींची ग्रीक अक्षरी संघटना स्थापन झाली. या साऱ्या संघटना गोऱ्या मुलींच्या होत्या. कृष्णवर्णीय मुलींना त्यांत प्रवेश नव्हता, आणि बहुतेक महाविद्यालयांतच तो नव्हता, म्हणून सोरोरिटीचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचायला विसावे शतक उजाडावे लागले.

तो पोहोचला वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात. यादवी युद्धानंतर, १८६७ साली, नुकत्याच गुलामगिरीतून मुक्त झालेल्या समाजाच्या उच्च शिक्षणासाठी हे विद्यापीठ निघाले होते. तेथील एथेल हेजमन या विद्यार्थिनीने, ब्राऊन विद्यापीठात शिकून आलेल्या एका शिक्षिकेकडून तेथल्या मुलींच्या संघटनेच्या हकिकती ऐकून, आपल्या मैत्रिणी जमवल्या आणि १५ जानेवारी १९०८ रोजी अल्फा कॅपा अल्फा ही कृष्णवर्णीय महाविद्यालयीन मुलींची पहिली सोरोरिटी उभी राहिली. गुलाबी आणि हिरवा हे तिचे रंग, आयव्ही वेलीचे पान हे तिचे चिन्ह. अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षपदी पोहोचलेल्या कमला हॅरिस याच संघटनेच्या, हॉवर्डमधल्याच सदस्य. त्यांच्यामुळे ते गुलाबी-हिरवे रंग आणि गळ्यातील मोत्यांची माळ भारतातील वृत्तपत्रांपर्यंतही पोहोचली. तथापि माझा विषय ही संघटना नसून तिच्यातून बाहेर पडलेल्या मुलींची संघटना हा आहे.

१९१२ साल उजाडेपर्यंत अल्फा कॅपा अल्फाची संस्थापक पिढी पदवी घेऊन बाहेर पडली होती आणि मायरा डेव्हिस या अध्यक्ष झाल्या होत्या. विद्यापीठात उरलेल्या मुलींच्या मनात असंतोष होता. आपल्या संघटनेचे नाव अल्फा फाय अल्फा या मुलांच्या संघटनेच्या नावावर बेतलेले आहे, त्याला स्वतःचा अर्थ नाही; इतर विद्यापीठांत शाखा काढण्याचा कायदेशीर अधिकार आपल्याला नाही; आणि मुख्य म्हणजे देशात स्त्रियांच्या मताधिकाराचा लढा ऐन भरात असताना आपण आवारातील स्नेहसंमेलनांत रमलो आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी नाव, रंग आणि चिन्हे बदलण्याचा निर्णय घेतला. ही बातमी त्याच वर्षी पदवीधर झालेल्या नेली क्वांडर यांच्या कानावर गेली. त्यांना हा बदल मुळीच मान्य नव्हता. त्यांनी मुलींना विचार बदलण्यासाठी मुदत दिली, आणि मुली बधत नाहीत असे दिसल्यावर जुने नाव कायमचे सुरक्षित राहावे म्हणून २९ जानेवारी १९१३ रोजी अल्फा कॅपा अल्फाची रीतसर नोंदणी करून घेतली. तोपर्यंत बावीस जणी बाहेर पडलेल्या होत्या. १३ जानेवारी १९१३ हा डेल्टा सिग्मा थीटाचा स्थापना दिन. बहुतेक वर्षी तो भोगीच्या दिवशी येतो, त्यामुळे ही तारीख लक्षात ठेवण्यासाठी मला वेगळे कष्ट घ्यावे लागले नाहीत.

या फारकतीची हकिकत दोन्ही संघटनांत सांगितली जाते आणि साहजिकच दोन्हीकडे तिचा जोर वेगवेगळ्या गोष्टींवर असतो. एका बाजूला ती परंपरेच्या रक्षणाची कथा आहे, दुसऱ्या बाजूला पुढे पाऊल टाकण्याची. माझ्या मते नेली क्वांडर यांना खलनायिका ठरवण्याचे काही कारण नाही. त्यांच्या त्या नोंदणीमुळेच एकाऐवजी दोन भक्कम राष्ट्रीय संघटना निर्माण झाल्या. परंतु एकोणीस-वीस वर्षांच्या मुलींनी हातातील तयार, प्रतिष्ठित आणि सोयीचे मंडळ सोडून नाव, रंग, घटना असे सर्व काही पुन्हा शून्यापासून उभारण्याचे ठरवावे, आणि तेही आपण समाजासाठी पुरेसे काही करत नाही या कारणासाठी, ही गोष्ट मला कोणत्याही शपथेपेक्षा अधिक बोलकी वाटते.

आपल्या म्हणण्याला कृतीचा आधार देण्याची संधी त्यांना सात आठवड्यांत मिळाली. वुड्रो विल्सन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, ३ मार्च १९१३ रोजी, ॲलिस पॉल आणि लूसी बर्न्स यांच्या पुढाकाराने वॉशिंग्टनमध्ये स्त्री-मताधिकारासाठी प्रचंड मिरवणूक निघाली. पाच हजारांहून अधिक स्त्रिया कॅपिटॉलपासून पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवरून कोषागाराच्या इमारतीकडे निघाल्या. सर्वांत पुढे पांढऱ्या घोड्यावर इनेझ मिलहॉलंड ही तरुण वकील होती. नव्या राष्ट्राध्यक्षाच्या शपथविधीसाठी शहरात लोटलेली गर्दी रस्त्यावर उतरली, तिने मिरवणुकीची वाट अडवली, शिवीगाळ केली, धक्काबुक्की केली, आणि पोलीस बव्हंशी बघत उभे राहिले. सुमारे शंभर जणींना रुग्णालयात न्यावे लागले आणि अखेर घोडदळ बोलावून वाट मोकळी करावी लागली. पुढे सिनेटने याची चौकशी केली.

हे गोऱ्या स्त्रियांचे हाल झाले. कृष्णवर्णीय स्त्रियांपुढे आणखी एक अडचण होती, ती म्हणजे आपल्याच बाजूच्या माणसांची. दक्षिणेकडील प्रतिनिधी नाराज होतील या भीतीने आयोजकांनी कृष्णवर्णीय स्त्रियांना सर्वांत मागे चालवण्याचा घाट घातला होता. पत्रकार आयडा बी. वेल्स शिकागोहून आल्या होत्या; त्यांना इलिनॉयच्या तुकडीत न चालता मागे जाण्यास सांगण्यात आले, तेव्हा त्या बाजूच्या गर्दीत उभ्या राहिल्या आणि इलिनॉयची तुकडी समोर येताच तिच्यात शिरून ठरल्या जागी चालू लागल्या. या अशा वातावरणात हॉवर्डच्या मुली आल्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निघणाऱ्या ‘द क्रायसिस’ या मासिकाने एप्रिलच्या अंकात मिरवणुकीत सहभागी झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांची व्यवसायवार मोजदाद छापली होती. तिच्यात पदवीदानाच्या टोप्या आणि झगे घातलेल्या हॉवर्डच्या पंचवीस विद्यार्थिनींचा उल्लेख आहे. त्या पोशाखाचा मी बराच विचार केला. शिवीगाळ करणाऱ्या जमावातून चालायचे असताना अंगावर विद्वत्तेचा झगा चढवणे यात संरक्षण तर काहीच नव्हते. आपण येथे कोण म्हणून आलो आहोत, हे न बोलता सांगण्याचा तो मार्ग होता. डेल्टाच्या इतिहासात हे त्यांचे पहिले सार्वजनिक कार्य मानले जाते.

स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती १९२० साली झाली. परंतु दक्षिणेतील राज्यांनी मतदान कर, साक्षरतेच्या चाचण्या आणि सरळसरळ धाकदपटशा यांच्या जोरावर कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना मतपेटीपासून दूर ठेवले ते थेट १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत. त्या मिरवणुकीत चाललेल्या मुलींपैकी ज्या पुढे दक्षिणेत शिक्षिका झाल्या, त्यांच्या वाट्याला या विजयाचे फळ फारच उशिरा आले.

आता चिन्हांविषयी. डेल्टाचे रंग गडद लाल आणि सायीसारखा पांढरा. फूल आफ्रिकन व्हायोलेट. आराध्य प्रतिमा म्हणून त्यांनी मिनर्व्हा ही रोमन ज्ञानदेवता निवडली, आणि ‘बुद्धी ही शहाणपणाची मशाल आहे’ अशा आशयाचे बोधवाक्य घेतले. हॉवर्डच्या आवारात संघटनेने १९७९ साली उभारलेले ‘फॉर्टिट्यूड’ नावाचे शिल्प आहे. धैर्याने पुढे पाऊल टाकणारी स्त्री असा त्याचा आशय आहे. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून केलेला त्रिकोण ही सदस्यांची एकमेकींना ओळख देण्याची खूण. ग्रीक डेल्टा अक्षराचा आकार त्रिकोणाचाच असतो. संघटनेची शपथ १९१४ साली मेरी चर्च टेरेल यांनी लिहिली. ग्रीक अक्षरे आणि रोमन देवता या गोष्टी गुलामगिरीतून बाहेर आलेल्या समाजाच्या मुलींनी का घेतल्या, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्या काळातील विद्यापीठीय शिक्षणात ग्रीक आणि लॅटिन यांना मान होता, आणि ‘तुमच्या बुद्धीला हे झेपणार नाही’ असे ज्यांना ऐकवले जात होते त्यांनी नेमका तोच मान उचलून आपल्या छातीवर लावला, असे माझे त्यावरचे उत्तर आहे. आपल्याकडे संस्कृतच्या बाबतीत काय घडले, ते ज्याचे त्याने आठवून पाहावे.

या साऱ्यांत मला सर्वांत आवडते चिन्ह मात्र कोणी ठरवून घेतलेले नाही. ते म्हणजे हत्ती. बावीस संस्थापिकांपैकी फ्लॉरेन्स लेचर टॉम्स यांना हत्तीच्या छोट्या मूर्ती जमवण्याचा छंद होता. त्यांच्या त्या छंदातून हत्ती हळूहळू साऱ्या संघटनेचा झाला. देवतेची निवड सभेत झाली असेल, रंगांवर मतदान झाले असेल. हत्ती मात्र एका मैत्रिणीच्या फडताळातून चालत आला. माझ्या सहकारी बाईंच्या टेबलावर असे हत्ती ओळीने मांडलेले आहेत. एक लाकडी, एक लाल काचेचा, एक पितळी आणि एक कापसाने भरलेला, ज्याची शिवण पोटाशी उसवली आहे. सर्वांची सोंड वर. सोंड खाली असलेला हत्ती त्या ओळीत चालत नाही, हे मला तेव्हा कळले जेव्हा मी पुण्याहून आणलेला चंदनी हत्ती त्यांना दिला आणि त्यांनी मनापासून आभार मानून तो ओळीत न ठेवता संगणकाच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. गणपतीची सोंड डावी की उजवी यावर घरात तास-तास वाद घालणाऱ्या आम्हा लोकांना यात विचित्र वाटण्यासारखे काही नव्हते.

रंग आणि मूर्ती यांच्यापाशी फार रेंगाळण्यात अर्थ नाही, कारण बावीस जणींपैकी काहींची पुढची आयुष्ये त्यांहून कितीतरी अधिक रंगीत आहेत. जेसी मॅग्वायर डेंट टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे शिक्षिका झाल्या. तेथे कृष्णवर्णीय शिक्षकांना त्याच कामासाठी गोऱ्या शिक्षकांपेक्षा कमी पगार मिळत असे. १९४३ साली, स्वतः नोकरीत असताना, त्यांनी शाळा मंडळाविरुद्ध न्यायालयात दावा लावला आणि समान वेतनाचा निकाल मिळवला. मालकावर दावा लावून दुसऱ्या दिवशी त्याच शाळेत हजेरीपटावर सही करायला जाणे म्हणजे काय, हे नोकरी केलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. ऑसिओला मकार्थी ॲडम्स अभिनेत्री आणि दिग्दर्शिका झाल्या; न्यूयॉर्कच्या अमेरिकन निग्रो थिएटरमध्ये सिडनी पॉइटिए आणि हॅरी बेलाफाँटे हे पुढे जगप्रसिद्ध झालेले नट त्यांच्या हाताखाली रंगमंचावर उभे राहिले. बर्था पिट्स कॅम्पबेल सिॲटलला स्थायिक झाल्या आणि तेथील वंशभेदाविरुद्धच्या कामात आयुष्यभर राहिल्या. १९८१ साली डेल्टाच्या सुमारे दहा हजार सदस्यांनी पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवरून १९१३ च्या मिरवणुकीच्या स्मरणार्थ मिरवणूक काढली, तेव्हा तिच्या अग्रभागी ब्याण्णव वर्षांच्या बर्थाबाई होत्या.

मेरी चर्च टेरेल या बावीस जणींतल्या नव्हेत; वयाने आणि मानाने त्या फार वडील होत्या आणि संघटनेने त्यांना सन्माननीय सदस्य करून घेतले होते. १८८४ साली ओबर्लिन महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या या बाई १९१३ च्या मिरवणुकीतही चालल्या होत्या. त्यांचे नाव शपथेपुरते घेऊन पुढे जाणे मला अन्यायाचे वाटते. वयाची पंच्याऐंशी ओलांडल्यावर त्यांनी वॉशिंग्टनमधील उपाहारगृहांतील वंशभेदाविरुद्ध मोहीम उघडली, थॉम्पसन नावाच्या उपाहारगृहात जाऊन खाणे मागितले, ते नाकारले गेल्यावर प्रकरण न्यायालयात नेले, दुकानांपुढे काठी टेकत निदर्शने केली आणि जून १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. शपथ लिहिणाऱ्या व्यक्तीने ती चाळीस वर्षे पाळून दाखवावी, असे योग फार थोड्या संघटनांच्या नशिबी असतात.

संघटनेची वाढ झपाट्याने झाली. दुसरी शाखा १९१४ साली ओहायोतील विल्बरफोर्स विद्यापीठात निघाली आणि १९१९ साली पहिले राष्ट्रीय अधिवेशन भरले. पहिल्या राष्ट्रीय अध्यक्ष झाल्या सेडी टॅनर मॉसेल, पुढे अलेक्झांडर. तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९२१ साली त्यांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेत या विषयात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. दक्षिणेतून फिलाडेल्फियात स्थलांतर केलेल्या शंभर कुटुंबांचे राहणीमान हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. एवढी पदवी हातात असूनही त्या शहरात त्यांना कोणी साजेशी नोकरी दिली नाही, म्हणून त्या नॉर्थ कॅरोलायनातील कृष्णवर्णीयांच्या एका विमा कंपनीत गेल्या. नंतर परत येऊन त्यांनी १९२७ साली त्याच विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली, वकिली केली आणि पुढे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या नागरी हक्क समितीवर काम केले. मे महिन्यात शिक्षणाच्या प्रसारासाठी एक सप्ताह पाळण्याची आणि ‘शिक्षणात गुंतवणूक करा’ या घोषणेची प्रथा त्यांच्याच कारकिर्दीत, १९२० साली, सुरू झाली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जिच्यामुळे या संघटना गोऱ्या सोरोरिट्यांहून वेगळ्या ठरतात. गोऱ्या मुलीचे सोरोरिटीतील आयुष्य पदवीबरोबर बहुधा आठवणींत जमा होते. कृष्णवर्णीय संघटनांत पदवीधरांच्या स्वतंत्र शाखा असतात आणि खरे काम त्याच करतात. याला कारण त्या काळची परिस्थिती. शिकलेल्या कृष्णवर्णीय मुलीला बहुतेक वेळा शिक्षिकेचीच नोकरी मिळे, तीही दूरच्या अनोळखी गावात, जेथे कोणतेही हॉटेल तिला खोली देत नसे आणि सार्वजनिक ग्रंथालयात तिला पाऊल टाकता येत नसे. अशा गावात आपल्या संघटनेची एखादी बाई असणे म्हणजे राहायला घर, ओळखीची चार माणसे आणि अडीअडचणीला धावून येणारा आधार. ग्रंथालयांची ही उणीव पाहून डेल्टाने १९३७ साली राष्ट्रीय ग्रंथालय प्रकल्प हाती घेतला, दक्षिणेतील ग्रामीण भागात पुस्तके नेली आणि पुढे जॉर्जियात फिरत्या ग्रंथालयाची गाडी सुरू केली. निधी उभा करण्याची एक गंमतशीर रीत बोस्टनच्या शाखेने १९२५ साली काढली. ‘जॅबरवॉक’ नावाचा तो नाट्य-नृत्य-गाण्यांचा कार्यक्रम पुढे देशभर पसरला आणि त्याच्या तिकिटांतून पिढ्यान् पिढ्या मुलींना शिष्यवृत्त्या मिळाल्या.

डोरोथी हाइट यांच्याविषयी मी अधिक आस्थेने लिहिते आहे, कारण त्यांचा धागा आपल्या देशापर्यंत येतो. १९२९ साली न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला आणि त्या हजर झाल्यावर तो नाकारला. त्या वर्षीच्या दोन कृष्णवर्णीय मुलींच्या जागा भरल्या आहेत, हे कारण. त्या न्यूयॉर्क विद्यापीठात गेल्या, वायडब्ल्यूसीए या स्त्रियांच्या संस्थेत नोकरीला लागल्या आणि १९४७ ते १९५६ या काळात डेल्टाच्या राष्ट्रीय अध्यक्ष होत्या. त्याच कारकिर्दीत, १९५२ साली, त्या चार महिने दिल्लीत राहिल्या आणि दिल्ली स्कूल ऑफ सोशल वर्कमध्ये अभ्यागत प्राध्यापक म्हणून त्यांनी शिकवले. ही शिक्षणसंस्था भारतातील वायडब्ल्यूसीएनेच १९४६ साली सुरू केली होती. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षे झालेली, पहिली सार्वत्रिक निवडणूक नुकतीच पार पडलेली आणि त्या निवडणुकीत प्रत्येक प्रौढ भारतीय स्त्रीला मत होते. हाइट यांच्या मायदेशी दक्षिणेत त्यांच्या कित्येक भगिनींना ते अजून बजावता येत नव्हते. त्यांच्याच अध्यक्षतेत संघटनेचे काम पाच विषयांत बांधण्याची सुरुवात झाली. त्या पाच विषयांची आजची नावे अशी : आर्थिक विकास, शिक्षण, आंतरराष्ट्रीय जाणीव, शारीरिक व मानसिक आरोग्य, आणि राजकीय जाणीव व सहभाग. शाखांच्या समित्या याच पाच नावांनी चालतात. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या आयोजकांत हाइट होत्या, डॉ. किंग यांनी भाषण केले त्या व्यासपीठावरही होत्या. त्यांना बोलण्याची संधी मात्र मिळाली नाही. १९१३ साली स्त्रियांच्या चळवळीत रंग आड आला होता, पन्नास वर्षांनी रंगाच्या चळवळीत स्त्री असणे आड आले.

राजकीय सहभाग म्हणजे नेमके काय, हे मी जवळून पाहिले आहे. निवडणुकीच्या वर्षी माझ्या सहकारी बाई आणि त्यांच्या शाखेतील आणखी तिघी-चौघी शनिवारी ग्रंथालयाच्या दारापाशी घडीचे टेबल टाकून बसतात. टेबलावर मतदार नोंदणीचे अर्ज, दोरीने बांधलेली पेने, शेवटच्या तारखांचा मोठ्या अक्षरातला तक्ता आणि लिमलेटच्या गोळ्यांचे भांडे. कोणत्याही उमेदवाराचे नाव काढायचे नाही, हा कडक नियम. एकदा एका गृहस्थांनी ‘मत कोणाला देऊ?’ असे विचारल्यावर तिघींनी एकदम तोंडे मिटून घेतली आणि पेन पुढे केले. मेरीलँडमध्ये सोळाव्या वर्षी नोंदणी करून ठेवता येते, त्यामुळे शाळकरी मुलांना त्या विशेष आग्रहाने थांबवतात. नागरिकत्व मिळाल्यानंतर माझा स्वतःचा अर्जही मी त्याच टेबलावर भरला.

या संघटनांवर टीकाही होते आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नाही. हॉवर्डमध्येच शिकवणाऱ्या ई. फ्रँकलिन फ्रेझियर या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात कृष्णवर्णीय मध्यमवर्गाच्या दिखाऊ जीवनावर कोरडे ओढले आणि या ग्रीक अक्षरी संघटनांनाही सोडले नाही. निवडक लोकांचे मंडळ, समाजाच्या तळापासून दुरावलेले, असा त्या टीकेचा रोख होता. काही शाखांत गोरेपणाकडे झुकणारी कातडी आणि घराणे पाहून मुली घेतल्या जात, हा आरोपही जुना आहे. नव्या सदस्यांच्या छळाचा प्रश्न तर अधिक गंभीर आहे. १९९० साली अशा आठ कृष्णवर्णीय संघटनांनी मिळून नव्या सदस्यांच्या उमेदवारीचा जुना, महिनोन् महिने चालणारा प्रकार अधिकृतपणे बंद केला, परंतु चोरून चालणारा छळ त्याने संपला नाही आणि त्यापायी न्यायालयीन दावेही झाले. ज्या संघटनेचे संस्कारविधी गुप्त असतात, तेथे गुप्ततेच्या आड काय चालते यावर लक्ष ठेवणे अवघड असते. मला या गुप्ततेचे कौतुक वाटत नाही, आणि हे मी माझ्या सहकारी बाईंनाही सांगितले आहे. त्यांनी वाद घातला नाही, मान्यही केले नाही.

फ्रेझियर यांच्या टीकेत तथ्य असले, तरी ती जेसी डेंट किंवा मेरी टेरेल यांना लागू पडत नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. तीन लाखांहून अधिक स्त्रियांनी सदस्यत्व घेतलेल्या संघटनेत मिरवण्यासाठी आलेल्या असणारच. प्रश्न इतकाच की, काम करणारीला तेथे काम सापडते की नाही. टेक्सासमधून अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेलेल्या बार्बरा जॉर्डन आणि त्या काँग्रेसमध्ये पोहोचलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री शर्ली चिझम या दोघीही डेल्टाच होत्या, तेव्हा सापडत असावे.

शंभर वर्षांपूर्वीच्या त्या फारकतीचे आज काय उरले आहे, असे मी एकदा माझ्या सहकारी बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी एक उसासा टाकून घरची हकिकत सांगितली. त्यांची धाकटी मुलगी महाविद्यालयात गेली आणि तिने आईच्या संघटनेऐवजी अल्फा कॅपा अल्फा निवडली. नव्या सदस्यांना लोकांसमोर आणण्याच्या जाहीर कार्यक्रमाला आई गेली, पहिल्या रांगेत बसली, गुलाबी-हिरव्या पोशाखातील लेकीसाठी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या, पण अंगात गडद लाल कोट घालूनच. छायाचित्रात दोघी शेजारी उभ्या आहेत. ते छायाचित्र बाईंनी चौकटीत बसवून कार्यालयात ठेवले आहे, आणि चौकट कोणत्या रंगाची घ्यावी यावरून मायलेकींत जो वाद झाला, तो ऐकून शेवटी वडिलांनी काळी चौकट आणली.